मोडेन पण वाकणार नाही?

'मोडेन पण वाकणार नाही' हे वाक्य आपण वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेण्यासाठी वापरतो. पण गाडीच्या पुढच्या ॲक्सलने असा बाणा दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने शक्यतो वाकू नये हे खरं, पण वेळ आलीच तर वाकावं, मोडू मात्र नये. वाकलेल्या ॲक्सलची गाडी रखडत का होईना घरी येते. मोडलेल्या ॲक्सलची येईलच असं नाही.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषय मात्र अस्सल गावाकडचा आहे. आमचं गाव मांडवगण फराटा, तालुका शिरूर. भीमा ओलांडली की दौंड तालुका. गावात आमच्या आण्णांचं वेल्डिंगचं शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या, नांगर, गेट, जे येईल ते. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, मागच्या वर्षी एक जुनी जिप्सी घेतली. त्याला वेड आहे ते माळावरून, ढेकळांतून गाडी जोरात पळवायचं. हिमालयात १९९९ पासून सुरू झालेल्या 'रेड द हिमालय'चे व्हिडिओ बघून बघून हे वेड लागलं.

मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, आणि चारही चाकांना पाट्यांचे स्प्रिंग. आपल्याकडच्या जुन्या महिंद्रा जीपचीही रचना अशीच. २०१० च्या थारपासून महिंद्राने पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र केली. मारुतीची जिम्नी मात्र २०२३ मध्ये आली ती अखंड ॲक्सल घेऊनच. म्हणजे ही रचना जुनाट म्हणून मोडीत निघालेली नाही. ती साधी आहे, दणकट आहे आणि शेडमध्ये दुरुस्त करता येते. बैलगाडीचा आस आठवा, दोन चाकं आणि मध्ये एक दांडा. फरक एवढाच की या दांड्याच्या पोटातून शाफ्ट जातो आणि टोकाला चाक वळतंही.

मग अडचण कुठे? वेगात. ताशी २० किलोमीटरच्या ऐवजी ६० ने गाडी गेली तर वेग तिप्पट होतो, पण ऊर्जा नऊपट होते. गाडी उडून खाली आपटली की चाकं जमिनीकडून वर रेटली जातात आणि स्प्रिंगच्या जागी गाडीचं वजन खाली दाबतं. ॲक्सल मध्ये खाली आणि टोकांना वर वाकतो, अगदी हसऱ्या तोंडासारखा! चाकांचे माथे आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. दादाच्या जिप्सीचे टायर असेच झिजले होते. आण्णांनी नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "वाकलाय."

दादाचं म्हणणं, नळीच्या आत दुसरी नळी ठोकून बसवायची. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होते, हातात स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सची वही. हिशेब सोपा व्हावा म्हणून नळी बाहेरून ६४ मि.मी. आणि जाडी ६ मि.मी. धरली. आत तेवढ्याच जाडीची नळी घातली तर ताठपणा वाढतो सुमारे ५० टक्के, पण नळीचं वजन वाढतं जवळजवळ ८० टक्के! शिवाय ॲक्सलचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं जास्त, तितकं चाक खड्ड्यातून उशिरा सावरतं. आणि आत शाफ्ट फिरतो, त्याला जागा नको का?

त्याऐवजी नळीच्या पाठीवर ६ मि.मी. जाडीची, ४० मि.मी. उंचीची पट्टी उभी जोडली, तर वजन फक्त २२ टक्के वाढतं आणि ताठपणा होतो दुपटीहून जास्त. कारण मधल्या रेषेपासून लोखंड जितकं लांब, तितकं ते जास्त कामाचं. नळीच्या खालच्या, ताणल्या जाणाऱ्या कडेवरचा ताण तर ४० टक्क्यांनी उतरतो. पण वरच्या कडेला फायदा थोडकाच. उभी पट्टी दाबाखाली लचकू शकते, म्हणून तिच्या डोक्यावर आडवी पट्टी टोपीसारखी बसवायची. मग तो खरा पूल होतो. नळीच्या टोकाला जिथे स्टिअरिंगचा नकल बसतो, तिथे त्रिकोणी गसेट. पट्टी कुठेही एकदम तोडायची नाही, उतार देऊन संपवायची, नाहीतर त्याच कोपऱ्यात चीर पडते. उंचीही मनाला येईल तेवढी घेता येत नाही. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर पट्टी एंजिनच्या ऑइल पॅनला लागता कामा नये.

वही घेऊन मी आण्णांपुढे उभी राहिले. आण्णा सातवी शिकलेले. त्यांनी आकडे वाचले नाहीत, चित्र बघितलं. म्हणाले, "बरोबर आहे. पण वेल्डिंग ओढतं."

मित्र-मैत्रिणींनो, 'वेल्डिंग डिस्टॉर्शन'वर मी परीक्षेत सहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे. पण हे तीन शब्द ऐकल्यावर डोक्यात प्रकाश पडला. वितळलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं. पाठीवर वेल्डिंग केलं की पाठ आखूड होते आणि टोकं वर उचलली जातात. म्हणजे जो बाक घालवायचा, तोच आपण आपल्या हाताने द्यायचा!

त्यावर आण्णांची युक्ती ट्रॉलीच्या आसांवर तयार झालेली. शाफ्ट, सील, तेल सगळं बाहेर काढलं. ॲक्सल जाड गर्डरवर ठेवला, टोकं क्लॅम्पने खाली आवळली आणि मध्ये जॅक लावून उलटा बाक दिला. ७०१८ चे रॉड भट्टीत कोरडे केले. मग बोटभर वेल्डिंग एकदा डाव्या टोकाला, एकदा उजव्या, एकदा मध्ये. हात लावता येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा तुकडा. दोन दिवस गेले. क्लॅम्प काढायला तिसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. मोजलं तर दोन्ही टोकं सारख्या मापात आली होती. जुन्या जीपचा डिफरन्शिअलचा भाग ओतीव असतो. तिथे आधी गरम करणं आणि निकेलचा रॉड लागतो, ते काम निराळं, हेही आण्णांनी तेव्हाच सांगितलं.

एवढ्यावर सगळं संपत नाही. ॲक्सल वाकेनासा झाला की धक्का पुढच्या कमकुवत जागी जातो: नकलच्या बेअरिंगकडे, शाफ्टच्या जॉइंटकडे, चेसीकडे. म्हणून आधी चांगले शॉकॲब्सॉर्बर आणि रबरी बंप स्टॉप लावून धक्काच कमी करायचा, पट्टी नंतर. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तो बदल करून रस्त्यावर फिरता येत नाही. दादाची जिप्सी आता मैदानापुरतीच. तिकडेही ती ट्रॉलीवर चढून जाते.

सगळं झाल्यावर आई शेडमध्ये आली. चहा ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही मजबूत केलं म्हणजे हा आता आणखी जोरात पळवणार. मग त्याच्या हाडांना कुठली पट्टी लावणार आहात?"

कुणी बोललं नाही. माझ्या वहीत गाडीचं वजन होतं, वेग होता, लोखंडाची ताकद होती. चालवणाऱ्याचा हिशेब कुठेच नव्हता. त्यानंतर दादाच्या पैशांतून पहिली खरेदी झाली ती हेल्मेट आणि चार पट्ट्यांच्या सीटबेल्टची. रोल केज आण्णा आणि मी पुढच्या सुट्टीत करणार आहोत. तोपर्यंत ताशी ४० च्या वर जायचं नाही, असं ठरलंय.

प्रत्येक फेरीनंतर तपासणीही असते. वेल्डिंगच्या कडेला डिझेल लावायचं, पुसून कोरडं करायचं आणि वर पांढरा खडू फासायचा. बारीक चीर असेल तर आतलं डिझेल खडूवर काळी रेघ उमटवतं. गाडीची किल्ली आईकडे असते. खडू स्वच्छ पांढरा राहिला, तरच ती देते.