वाळलेली झाडे, 7 नग

कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या लोकलचं पहिलंच स्टेशन पळसदरी. नावातच पळस आहे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये या पट्ट्यात तो शोधावा लागत नाही. बाकी डोंगर मात्र तेव्हा राखाडी असतात. जुलैत धबधब्याला येऊन गेलेले पाहुणे मार्चमध्ये आले की विचारतात, इथलं जंगल कुणी तोडलं? कुणी नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडांना जमिनीतल्या ओलीवर काढायचे असतात. पानांतून पाणी उडतं, म्हणून पानंच टाकायची.

हा हिशेब मला घरी समजावावा लागला. खालापूर तालुक्यातल्या आजोबांच्या जमिनीपैकी वीस गुंठे बाबांच्या वाट्याला आले. निवृत्तीनंतर तिथे छोटं घर आणि बाग करायचं ठरलं. लँडस्केपिंगवाल्याचं एस्टिमेट फेब्रुवारीअखेर आलं. त्यात एक ओळ होती, ‘वाळलेली झाडे काढणे, 7 नग’. तिच्याखाली, ‘फॉक्सटेल पाम, 12 नग’.

मी लॅपटॉप घेऊन आठवडाभर तिथेच राहायला गेलो. झाड ओळखणारं अ‍ॅप पान नाहीतर फूल मागतं. या सातांकडे दोन्ही नव्हतं. मग साल बघायची. जाड, काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली साल म्हणजे ऐन. असे दोन निघाले. खाली पडलेलं त्याचं फळ पाच पंखांचं असतं, ते सापडलं की शंका उरत नाही. काटेसावर तर लांबूनच कळते: फांद्या खोडाभोवती मजल्या-मजल्यांनी काटकोनात निघतात आणि कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात. सागाखाली गेल्या पावसाळ्यातली जाळीदार पानं पडलेली होती. अळ्या मधला गर खातात, शिरा तेवढ्या ठेवतात.

उरलेल्या तिघांत मी अडकलो. शेजारच्या ठाकरवाडीतल्या मावशी बांधावरून जाताना थांबल्या आणि जवळही न येता म्हणाल्या, “ती शेमट. न् ते कोशिंब, पंधरा दिवसांनी बघ.” पंधरा दिवसांनी कोशिंब लालभडक पालवीने भरलं होतं. बाहेरचा माणूस त्याला फूलच समजेल. पावसाला अजून तीन महिने असताना ही पालवी फुटते, हे मला आजही थोडं उद्धट वाटतं. सातवं झाड खरंच मेलेलं होतं. बारीक फांदी नखाने खरवडली की जिवंत झाडात सालीखाली हिरवं, ओलसर लागतं; याच्यात भुसा निघाला.

मी बाबांना कायदाही सांगितला. 1964च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत ऐन आणि साग दोन्ही आहेत. आपली जमीन असली तरी परवानगी लागते. बाबांना कायद्याचं फारसं वाटलं नाही. “एवढे ऐन व्हायला किती वर्षं लागतात?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला आत्ता नवीन लावला तर माझ्या मुलांना बघायला मिळेल. ते बराच वेळ त्या खोडाला हात लावून उभे होते. सहासष्टाव्या वर्षी माणूस बारा पाम का मागतो, ते मला तेव्हा कळलं.

आईचा आक्षेप अधिक खरा होता. “एप्रिलमध्ये सावली हवी, तेव्हाच हे उघडे!” याला ‘पर्यावरण’ हे उत्तर नाही. उत्तर झाडांतच शोधावं लागतं. करंज थोडे दिवसच उघडा राहतो आणि उन्हाळ्यातच नव्या पानांनी भरतो, कोशिंबाचंही तसंच. म्हणून घराच्या पश्चिमेला करंज लावायचे ठरले. बहाव्याचं बी टणक असतं, साल थोडी घासून किंवा गरम पाण्यात भिजवून पेरावं लागतं. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असतं. ते ताजं असतानाच जागेवर लावलेलं बरं, कारण मूळ खोल जातं आणि उपटलेलं रोप रुसतं. त्याचा शेंडा उन्हाळ्यात वाळू शकतो, पावसात बुडातून पुन्हा फूट येते. शेमटीला तर एवढंही लागत नाही. मावशींनी हाताएवढी जाड फांदी तोडून कुंपणात रोवली, तिला पालवी आली.

सुधारलेल्या एस्टिमेटमध्ये वाळलेलं झाड एकच राहिलं. तेही बाबांनी खोडून टाकलं. त्याच्या वाळक्या फांदीत तांबटाने भोक पाडलंय आणि दिवसभर त्याचं टुक-टुक चालू असतं. पाम बारावरून चारवर आलेत. त्यावर वाद अजून चालू आहे.