नरसूचं भूत आणि आमची थर्ड फ्लोअर विंग

गॅदरिंगला 'गोमू'च्या गाण्यावर नाचलेला नाही असा मुलगा आपल्या कॉलेजात शोधून काढावा लागेल. पण हे गाणं कुठल्या सिनेमातलं, असं विचारा. कोणी म्हणेल कोळीगीताचा अल्बम, कोणी म्हणेल जुना दादा कोंडके! खरं उत्तर आहे 'हा खेळ सावल्यांचा'. साल १९७६, दिग्दर्शक वसंत जोगळेकर. आणि तो चक्क भीतीचा, मनाच्या खेळांचा सिनेमा आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. इंदू (आशा काळे) ही चांगल्या घरातली मुलगी. नरसू नावाच्या माणसाचं भूत आपल्या मागे लागलंय, या भीतीनं ती पछाडलेली आहे. तिला त्यातून बाहेर काढायला येतात काशिनाथ घाणेकर, मानसोपचार करणारे डॉक्टर होऊन. (घाणेकर मुळात दंतवैद्य, म्हणजे डॉक्टर ही पदवी अस्सल. फक्त इथे दाढेऐवजी मन दुखतंय!) पुढे काय होतं ते सांगणार नाही. रहस्यपटाचा शेवट फोडणाऱ्याला मेसमध्ये आठवडाभर दुधीभोपळा मिळो.

आज पाहताना काही गोष्टी खटकतात. संवाद नाटकी वाटतात. आपल्याला सवय 'शटर आयलंड'ची, त्यामानाने चाल संथ आहे. पण संगीत? हृदयनाथ मंगेशकरांची चाल, सुधीर मोघ्यांचे शब्द, महेंद्र कपूर यांचा आवाज, 'रात्रीस खेळ चाले'. पुढे २०१६ मध्ये हेच नाव घेऊन टीव्हीवर मालिका आली आणि घराघरात अण्णा नाईक पोचले. किंचाळण्यापेक्षा शांत सूर जास्त घाबरवतो, हे मला त्या गाण्यानं पटवलं.

मला सगळ्यात आवडला तो डॉक्टर. "भूतबित काही नसतं, झोप गुपचूप" असं म्हणून तो मोकळा होत नाही. भूत खोटं असलं तरी भीती खरी आहे, असं धरून तो कामाला लागतो. मल्याळम 'मणिचित्रताळ' १९९३ चा, त्यावरून बेतलेला हिंदी 'भूलभुलैया' २००७ चा. तिथेही मांत्रिकाच्या जोडीला मनाचा डॉक्टर उभा आहे. आपल्या मराठीनं हा डॉक्टर १९७६ मध्येच पडद्यावर आणला होता, हे अभिमानानं सांगायला हरकत नाही.

आता आमच्या विंगबद्दल. तळेगावात पावसाळ्यात धुकं उतरलं की समोरची विंग दिसत नाही. त्यात प्रत्येक हॉस्टेलची एक ठरलेली दंतकथा असते, "इथे आधी स्मशान होतं." आमचीही आहे. सेकंड इयरला माझ्या रूम पार्टनरची झोप उडाली. कॉरिडॉरमध्ये आपल्यामागे कोणीतरी चालतंय, म्हणायचा. मेसला जाईना, सबमिशन राहिली. विंगमध्ये निकाल लागला, "याला लागलंय." गावाहून अंगारा आला, लिंबू आलं. एक काका तर त्याला उतरवणाऱ्याकडे न्यायच्या तयारीत होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना विंगमधल्या एका सिनियरनं शांतपणे सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलनं तोच त्याला पुण्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन गेला.

औषधं सुरू झाली. पण एक सेमिस्टर गेलं. घरचे म्हणाले, कॉलेज सोड, घरी ये. त्याच्या आईला फोनवर समजावण्यात आमच्या रेक्टर सरांचे दोन महिने गेले. आता तो परत आलाय. गोळ्या चालू आहेत, केट्याही चालू आहेत!

'हा खेळ सावल्यांचा' आम्ही लॅपटॉपवर पाहिला तो त्याच्याच हट्टानं. आम्हीच जरा बिचकत होतो, तो मात्र मजेत वडापाव खात होता. संपल्यावर म्हणाला, "डॉक्टर चांगलाय रे. पण फार लवकर बरं करतो."

मला वाटतं, या सिनेमाची याहून नेमकी समीक्षा होणार नाही. रहस्यपटात कोडं सुटलं की पेशंट बरा. आपण इंजिनियर लोक, आपल्याला माहीत आहे की फॉल्ट सापडणं वेगळं आणि मशीन पुन्हा चालू होणं वेगळं. ही दुसरी बाजू पाहायची असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) पाहा. त्यात अतुल कुलकर्णीचा शेष स्किझोफ्रेनियाशी झगडतो आणि त्याची बहीण त्याला सांभाळते. तिथे एका रात्रीत काही सुटत नाही. औषध, माणसं आणि वेळ, तिन्ही लागतात.

तेव्हा दोन्ही सिनेमे पाहा, आधी जोगळेकरांचा, मग 'देवराई'. आणि तुमच्या विंगमध्ये कोणी जेवायचं टाळत असेल, रात्रभर लाइट चालू ठेवून बसत असेल, तर स्मशानाची गोष्ट त्याला सांगू नका. त्याच्याजवळ बसा. रेक्टर सरांना सांगा. २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही फोन सेवाही आहे, नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत.

नरसूचं भूत पडद्यावर दोन-अडीच तासांत आवरतं. आपल्या मित्राला जरा जास्त वेळ द्यावा लागेल, एवढंच.