गाडी धू, घासू नकोस

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
फाल्गुन वद्य सप्तमी

चि. अनघा,



तू वापरलेली गाडी घेतल्याचं ताईकडून कळलं आणि पाठोपाठ तुझा मेसेजही आला: "मामा, वॉशिंग सेंटरला द्यायची नाही, घरीच नीट ठेवायची आहे. काय काय आणू?" नुसती यादी हवी असती तर ती फोनवर दोन मिनिटांत सांगून झाली असती. पण माझी सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, पेंट शॉपमध्ये गेली. गाडीचा रंग हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. शांतपणे वाच.

गाडीचं जेवढं नुकसान धुळीने होतं, त्याच्या कितीतरी पट ती धूळ पुसण्याने होतं. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

रंग कसा बसतो ते आधी समजून घे. पत्र्याची बॉडी फॉस्फेटच्या बाथमधून निघते आणि ईडी कोटच्या टाकीत अख्खी बुडते. विजेच्या भारामुळे तो थर दरवाजाच्या आतल्या खाचाकोपऱ्यांतही जाऊन बसतो आणि गंजापासून खरी राखण तोच करतो. भट्टीतून भाजून निघाल्यावर प्रायमर, मग आपल्या डोळ्यांना दिसणारा रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट चाळीसच्या आसपास. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षाही पातळ थरावर उभी आहे. आम्ही शॉपमध्ये शिरताना डोक्याला तेल लावायची, अंगावर डिओडरंट मारायची बंदी असे. त्यांतल्या सिलिकॉनचा कण ओल्या रंगाखाली गेला तरी तिथे खळगा पडतो, त्याला आम्ही क्रेटर म्हणायचो. काही कारखान्यांत रंगापूर्वी बॉडीवरची धूळ काढायला इमू पक्ष्याच्या पिसांचे रोलर फिरवतात, इतकी त्या पृष्ठभागाची काळजी. शेवटी ट्यूबलाइटच्या रांगांखाली गाडी उभी करायची आणि पत्र्यात उमटलेली ट्यूब सरळ दिसते की वाकडी, हे बघायचं. माझं काम ते होतं.

अशी गाडी शोरूममधून घरी येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी जुन्या बनियनचा बोळा घेऊन ती कोरडीच पुसतं. आपल्याकडची धूळ हाताला मऊ लागते, पण तिच्यात वाळूची, दगडखाणीची आणि बांधकामाची कच असते. ती कच क्लिअर कोटपेक्षा कठीण. बोळा गोल गोल फिरला की तितकेच गोल ओरखडे. तुझी गाडी गडद निळी आहे. रात्री मोबाइलची टॉर्च बॉनेटवर तिरकी धर. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतील. सात वर्षांच्या गाडीवर त्या असणारच, घाबरू नकोस. आता त्यात भर पडू द्यायची नाही, एवढंच.

आता पाण्याचं. तू लातूरला राहतेस, तुला मी वेगळं काय सांगू! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते तुझंच गाव. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आलं होतं. आमच्याकडेही फार वेगळं नाही. पैठणचं जायकवाडी तासाभराच्या वाटेवर, पण नळाला पाणी येतं ते कित्येक दिवसांआड, आणि मधले दिवस बोअर आणि टँकरवर निघतात. याच शहरात ऑक्टोबर २०१० मध्ये एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या, साधारण ६५ कोटींच्या. साऱ्या देशात बातमी झाली होती आणि मलाही तेव्हा अभिमान वाटला होता. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना, आमच्या चिकलठाण्याच्या पुढे शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा. गाड्या बनवणारं, गाड्यांवर जीव असलेलं हे शहर आहे. तरीही अंगणात पाइप सोडून गाडी धुणारा माणूस दिसला की मला राग येतो. साध्या अर्ध्या इंची पाइपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. अर्धा तास पाइप चालू राहिला तर तीनशे लिटरच्या वर हिशोब. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि पाच हजार रुपये दंड लावला. आपण दंडाची वाट कशाला बघायची?

कमी पाण्यात गाडी जास्त चांगली धुतली जाते, हे मी ठामपणे सांगतो. पद्धत अशी.

फवारणीचा पंप आण, शेतात पाठीवर घेतात तो सोळा लिटरचा. नवाच घे. गावाकडून कुणाचा वापरलेला मागू नकोस, त्यात तणनाशकाचा अंश राहतो. सोबत दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा आणि चार-पाच चांगली मायक्रोफायबर फडकी. बस. भांड्याचा साबण आणि कपड्याची पावडर नको. भांड्याचा साबण तेलकटपणा काढायलाच बनवलेला असतो, तो गाडीवरचं वॅक्सही काढून नेतो.

पहाटे, ऊन यायच्या आत, गाडी सावलीत लाव. बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. चाकं आधी धू, कारण त्यांच्यावर ब्रेकची लोखंडी भुकटी असते. त्यांचं फडकं कायमचं वेगळं ठेव. मग पंपाने वरून खाली पाणी मार आणि दोन-तीन मिनिटं थांब. माती भिजली की निम्मी आपोआप ओघळून जाते. इथे घाई करायची नाही, धुण्यातला खरा भाग हाच. त्यानंतर मोजा शाम्पूच्या बादलीत बुडव आणि आधी छत, मग काचा, बॉनेट, दरवाजे आणि सगळ्यात शेवटी खालच्या कडा, असं सरळ रेषेत हलक्या हाताने फिरव. गोल नाही. एक भाग झाला की मोजा साध्या पाण्याच्या बादलीत पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघ. तिथे बसलेली काळी कच एरवी तुझ्या दरवाजांवर घासली गेली असती. पंपात उरलेल्या पाण्याने धुऊन काढ. सगळं मिळून पस्तीस-चाळीस लिटर, आणि ते पाणी कडुनिंबाच्या आळ्यात जाऊ दे.

गाडी आपोआप वाळू मात्र देऊ नकोस, लगेच पूस. बोअरचं पाणी आपल्या काळ्या पाषाणातून येतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून गेलं की पांढरं कडं मागे राहतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने मिनिटभर ठेवलं तर ताजं कडं निघतं. उन्हाळाभर राहिलेलं कडं क्लिअर कोटमध्ये रुततं आणि मग पॉलिशशिवाय गत्यंतर नाही. पॉलिश म्हणजे चाळीसातले दोन-तीन मायक्रॉन कमी करणं. हा व्यवहार वारंवार परवडत नाही. "रबिंग करून नवी करून देतो" असं कुणी म्हणालं तर गाडी त्याच्या हाती देऊ नकोस.

फडकं कसं धरायचं तेही सांगतो. मधोमध घडी घाल, पुन्हा एक घडी घाल. चौकोनी गादी होते आणि उलटसुलट करून आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू ओली किंवा मळकी झाली की पुढची. जमिनीवर पडलेलं फडकं झटकून पुन्हा गाडीला लावायचं नाही, ते मग चाकांचं. धुताना त्यात कपड्यांचं सुगंधी सॉफ्टनर घालू नकोस, धाग्यांवर थर बसतो आणि फडकं पाणी शोषेनासं होतं.

चिमण्या-कबुतरांची विष्ठा दिसली की धुण्याच्या दिवसाची वाट बघू नकोस. तिच्यात आम्ल असतं आणि ती तापलेल्या पत्र्यावर काही तासांत ठसा उमटवते. ओलं फडकं त्यावर ठेव, मऊ झाली की उचल. खरवडू नकोस. नुकत्याच झालेल्या रंगपंचमीचा रंग गाडीवर उडाला असेल तर तोही कोरडा पुसायचा नाही, पाण्यानेच उतरवायचा.

आता पाडवा आलाय, तू गाडीची पूजा करशीलच. जरूर कर. पण हार बॉनेटवर बांधून रस्त्यावर काढू नकोस. हाराला तार असते, ती वाऱ्याने पत्र्यावर घासत राहते. एका पाडव्याचे ओरखडे पुढची पाच वर्षं दिसतात. स्वस्तिक काचेवर काढ. बॉनेटवर काढलंस तर संध्याकाळी भरपूर पाण्याने उतरव. हळदीचा पिवळा डाग उन्हाने उडून जातो, पण बाजारातल्या कुंकवात बऱ्याचदा कृत्रिम रंग असतो आणि तो धरून बसतो.

आतल्या भागाचं तंत्र बरोबर उलटं आहे. बाहेर भिजवल्याशिवाय हात लावायचा नाही, आत कोरडं साफ केल्याशिवाय पाणी लावायचं नाही. चपलांना लागून आलेली काळी माती पाण्याने फुगते आणि चिकट होते. ओली पुसलीस की गालिच्यात आणखी खोल जाते. पूर्ण वाळू दे, ब्रशने मोकळी कर, व्हॅक्यूमने ओढून घे. मग पिळलेल्या फडक्याने पूस आणि दरवाजे उघडे ठेवून उन्हात वाळव. ओला गालिचा बंद गाडीत राहिला तर पावसाळ्यात बुरशी नक्की. डॅशबोर्डला चकचकीत करणारं पॉलिश लावू नकोस. त्याची तिरीप काचेवर पडते आणि दुपारी समोरचं नीट दिसत नाही. स्टिअरिंग आणि पेडलला तर ते कधीच नाही, पाय घसरतो.

एक जागा सगळे विसरतात. वायपरच्या खाली, काच जिथे बॉनेटला मिळते तिथे जाळी असते. सध्या कडुनिंबाची पानगळ चालू आहे, पानं तिथेच साचतात. ती कुजली की पाणी जायची वाट बुजते आणि पावसात ते केबिनमध्ये उतरतं. दर आठवड्याला हाताने पानं काढ. दरवाजांच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, तीही काडीने मोकळी ठेव. आत पाणी साचलं की दरवाजा आतून गंजतो. बाहेर फोड दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

इंजिनवर पाण्याचा मारा करायचा नाही. आजच्या गाड्यांत तिथे सेन्सर आणि कनेक्टर भरलेले असतात. इंजिन थंड असताना ब्रशने धूळ झटक, ओलसर फडक्याने पूस, आणि उंदराने घर केलंय का ते बघ. खालून डिझेल मारून "चमक" आणणाऱ्यांनाही नाही म्हण, डिझेलने रबरी बुश फुगतात.

सिरॅमिक कोटिंगचंही विचारलं होतंस. कोटिंग चांगलं असतं, पाणी आणि माती त्यावर कमी टिकतात. पण दुकानदार "नऊ-एच कडकपणा" म्हणतो तो पेन्सिलींच्या मापाचा असतो. त्याने ओरखडे थांबत नाहीत. तुझ्या गाडीसाठी तो खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चांगलं वॅक्स आण, एक हात पावसाळ्याआधी, एक दिवाळीआधी. पुरतं. पिवळ्या पडलेल्या हेडलॅम्पला टूथपेस्ट घासायचा उपाय मोबाइलवर फिरत असतो, तोही करू नकोस. तेवढ्यापुरती काच उजळते, पण तिच्यावरचं संरक्षक आवरण जातं आणि ती आणखी लवकर पिवळी होते.

ताईला नमस्कार सांग, पाडव्याला दोघी या.

आणि एक काम मनापासून कर. तुमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा मुलगा असेलच. एकाच बादलीच्या पाण्यात तो वीस गाड्या पुसतो, कारण त्याला त्याहून वेगळं कुणी काही दिलेलं नाही. त्याच्यावर ओरडू नकोस. त्याला चार चांगली फडकी आणि दुसरी एक बादली घेऊन दे, घडी कशी घालायची ते एकदा करून दाखव, आणि महिन्याचे शंभर रुपये वाढवून दे. बाकीच्या घरांनाही तसंच करायला सांग.

तुझा,
मामा