डावी बाजू

डोळा उघडा असला म्हंजे दिसतं, हे खोटं आहे दोस्तांनो. बघतो तो मेंदू. डोळ्यातनं निघालेली खबर डोक्याच्या पार मागच्या भागात पोचते, तेव्हा कुठं दिसतं.

माझा बाप सूतगिरणीत रिंग खात्यात तुटले धागे सांधणारा. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली आणि उजव्या मेंदूचा हा मागचा भाग मेला. डोळे धडधाकट. पण दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली. डाव्या अंगानं आलेली सायकल दिसत नाही. दाराची चौकट खांद्याला लागते. डॉक्टर म्हणाला, गेलं ते गेलं, सवय करा. दोन मिनिटांत निकाल.

मी तो निकाल मानला नाही. वाचत सुटलो.

1904-05 च्या रशिया-जपान युद्धात गोळ्या सैनिकांच्या कवटीतनं आरपार गेल्या. काही जगले. त्यांना पेन्शन किती द्यायची हे ठरवायला तात्सुजी इनोये या जपानी डॉक्टरानं त्यांची नजर मोजली. त्यातनं मेंदूतल्या दृष्टीचा नकाशा निघाला, 1909 साली छापला. नकाशा डॉक्टराच्या नावावर, भोकं सैनिकांच्या डोक्याला.

1917 साली रिडॉक या डॉक्टरानं जखमी सैनिकांत पाहिलं : मेल्या बाजूला थांबलेली वस्तू दिसत नाही, पण हलली की कळते. 1974 साली वाइस्क्रांट्झनं लिहिलं : रोगी म्हणतो काहीच दिसत नाही, पण अंदाजानं बोट दाखव म्हटलं तर ठिकाण जवळजवळ बरोबर दाखवतो. म्हंजे आंधळी बाजू पुरती मेलेली नसते.

अमेरिकेत रॉचेस्टरला हक्सलिनबाईंनी हीच फट धरली. आंधळ्या बाजूला हलते ठिपके दाखवायचे, कुठं चालले ते ओळखायचं. रोज, शेकडो वेळा, महिनोन्महिने. सराव केल्या जागी थोडी नजर परतते, हे 2009 साली छापलं. पहिल्या तीन महिन्यांत सुरू केलं तर ती लवकर परतते, हे 2020 साली. पुरती परतत नाही, हेही खरं.

आमच्या गावात तसला सराव नाही. मी बापाला मान डावीकडं वळवून बघायला लावतो. त्यानं अंधार भरत नाही, रस्ता मात्र ओलांडता येतो.

तुमच्या वस्तीत कुणाला मेंदूचा झटका आला तर दोन्ही बाजूंची नजर लगेच मोजायला लावा. कागदावर लिहून मागा. तीन महिने बघता बघता जातात. आणि गेलं ते गेलं म्हणणाऱ्याला विचारा : मोजलंत का?