वेलिंग्टनच्या पंगतीत दख्खन

सॉमरसेटमधलं वेलिंग्टन हे लहानसं बाजारगाव. गावामागच्या ब्लॅकडाउन टेकड्या चढून गेलं की झाडीतून एकदम 53 मीटर उंचीचा तीनधारी मनोरा समोर येतो. वॉटर्लूच्या विजेत्याचं हे स्मारक. पण त्याचा या गावाशी संबंध काय? जवळजवळ काहीच नाही. 1809 मध्ये तालावेराच्या लढाईनंतर आर्थर वेलस्लीला किताब द्यायचं ठरलं, तेव्हा तो स्पेनच्या मोहिमेत गुंतलेला. मग लंडनमधल्या भावाने, विल्यमने, आडनावाशी जुळतं म्हणून हे नाव सुचवलं. जहागीरदार स्वतः गावात आला तो 1819 मध्ये, पाहुण्यासारखा.

टेकडी उतरलो, टॉंटनला गाडी धरली आणि दुसऱ्या दिवशी लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवर त्याच्या ॲप्सली हाउस या घरात शिरलो. जिन्यापाशी कानोव्हाने घडवलेला नेपोलियनचा प्रचंड नग्न पुतळा. हरलेल्याला घरात असं उभं करण्यातला खवचटपणा मला आवडला. वर व्हेलाझकेझचं ‘पाणीवाला’ हे चित्र. स्पेनच्या राजवाड्यातली ही चित्रं नेपोलियनचा भाऊ घेऊन पळत होता, ती 1813 मध्ये व्हितोरियाला वेलिंग्टनच्या हाती लागली; परत देऊ केली तर स्पेनच्या राजाने ती त्यालाच ठेवायला सांगितली.

आणि किताब तरी किती! स्पेनने स्यूदाद रोद्रिगोचा ड्यूक केलं, पोर्तुगालने ‘विजयाचा’ (दा व्हितोरिया), नेदरलँड्सने वॉटर्लूचा प्रिन्स. थोरल्या मुलाला मान मिळाला तो डौरो या पोर्तुगालमधून वाहणाऱ्या नदीच्या नावाचा.

या यादीत मी असई शोधत होतो. जालना जिल्ह्यातल्या त्या गावाजवळ, केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात, 23 सप्टेंबर 1803 रोजी त्याने शिंदे-भोसल्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेला गाठलं. शिंद्यांच्या गोलंदाजांनी त्याची माणसं अक्षरशः कापून काढली. म्हातारपणीही तो आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून वॉटर्लूचं नव्हे, असईचं नाव घेई. त्या लढाईने मात्र त्याला उमराव केलं नाही. युरोपात जिंकलेल्या नद्या आणि शहरं नावापुढे लागली. केळणेचं पाणी तिथवर पोचलं नाही.

दख्खन सापडलं ते चांदी-सोन्याच्या दालनात. त्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून आपल्या सेनापतीला सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची भांडी भेट दिली. त्यांना ‘डेक्कन सर्व्हिस’ म्हणतात. शेजारच्या खोल्यांत पोर्तुगालची चांदी, राजेरजवाड्यांची चिनी माती. पाहणारे तिकडेच गर्दी करतात. मी मात्र या भांड्यांपुढून हललो नाही, रखवालदार दोनदा माझ्याकडे पाहून गेला तरी.