पडद्याचं कापड

मांडणशिल्पासाठी प्रोजेक्टर भाड्याने आणला की खिशात फारसं उरत नाही, आणि पडद्याची वेळ येते तेव्हा स्वस्तातलं कापड शोधणं आलंच. मला मात्र या कामातला हाच भाग जास्त आवडतो.

मुंबईच्या मंगलदास मार्केटात दुकानदार आधी विचारतो, "कशाला पाहिजे? अस्तराला?" पडद्याला म्हटलं की तो खिडकीचे पडदे उलगडू लागतो. मी ताग्याचं टोक धरून त्यावर मोबाइलचा टॉर्च मारतो. सॅटिन तिथेच बाद होतं, कारण प्रकाश एका जागी चकाकतो. मांजरपाट खरबरीत, किंचित पिवळट. पण प्रकाश सगळीकडे सारखा पसरवतो, त्यामुळे कडेला उभ्या असलेल्यालाही चित्र नीट दिसतं. तलम व्हॉइल बराचसा प्रकाश पलीकडे सोडतं आणि तेच चित्र मागच्या भिंतीवरही उमटतं. मच्छरदाणीच्या जाळीवर धाग्यांपुरतंच चित्र अडतं; अंधारात ते अधांतरी तरंगतं.

व्हिडिओ कलावंत बिल व्हायोला यांनी १९९५च्या व्हेनिस बिएनालेत 'द व्हेलिंग' हे मांडणशिल्प मांडलं, ते अशाच झिरझिरीत कापडाच्या भरवशावर. एकामागे एक टांगलेले नऊ पडदे. एका टोकाकडून पुरुषाची प्रतिमा, दुसऱ्या टोकाकडून स्त्रीची. पडद्यामागून पडदा ओलांडताना प्रतिमा पसरते, फिकी पडते. दोघांचं चित्रीकरण वेगवेगळं झालेलं. त्यांची गाठ पडते ती फक्त कापडावर. तिथे सिनेमागृहातला जाड पांढरा पडदा लावला असता, तर पहिल्याच पडद्यावर सगळं संपलं असतं.

सिनेमाचा पडदा प्रेक्षकाने विसरावा म्हणून केलेला असतो. साधं कापड तसं विसरू देत नाही. ते वाऱ्याने हलतं, त्याला चुण्या पडतात, त्याची वीण चित्रातल्या चेहऱ्याच्या त्वचेत मिसळते. या गोष्टी आपल्या विषयाला हव्या असतील, तर कमी भावाचं कापडच योग्य. नको असतील, तर ते फुकट मिळालं तरी महाग.

काटकसर कुठे करू नये, हेही ठरलेलं आहे. पन्हा लहान घेतला की मधला जोड नेमका कुणाच्या तरी नाकावरून जातो. म्हणून चादरीच्या पन्ह्याचं कापड घ्यावं. खाली नेफा शिवून त्यात पाइप घालावा, म्हणजे कापड ताठ राहतं. आणि तापणाऱ्या दिव्यांपासून ते लांबच टांगावं.

बाकी निवड डोळ्यांवर सोडा. आधी मीटरभर तुकडा आणा, अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टरसमोर धरा, आणि मगच ताग्याचा भाव करा.