हक्क, परवाना आणि ठासणीची बंदूक

'हक्क' आणि 'परवाना' हे दोन्ही शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आले आणि दप्तरांत स्थिरावले. स्वभावाने मात्र ते भिन्न आहेत. हक्क कारण सांगत नाही. परवाना कारण विचारल्यावाचून पुढे सरकत नाही. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. तरी या दोन शब्दांतील अंतर आम्हाला कोशाने शिकवले नाही, एका बंदुकीने शिकवले.

ही बंदूक ठासणीची. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावच्या घरी ती माजघरातल्या खुंटीवर असे. दादा, म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे, भाताच्या आणि काजूच्या राखणीसाठी ती वापरत. रानडुकरे आणि वानरे यांच्यापासून पिकाचे रक्षण, एवढेच कारण त्यांच्या अर्जात लिहिलेले होते. दादा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. घर, बाग आणि देव वारसाहक्काने येतात, परवाना येत नाही. वारसाला नव्याने अर्ज करावा लागतो. तो कोणी करावा, यावरून आमच्या घरात बरेच दिवस चर्चा चालली आणि तिच्या निमित्ताने आम्ही कायदा वाचू लागलो.

या विषयाला इतिहास आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे बंद केले. युरोपियनांना मात्र सूट होती. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. आमच्या ठाण्याला या कायद्याची आठवण वेगळ्या रीतीने आहे. लंडनहून चोरून आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे अहिंसेचे उद्गाते गांधीजी यांनीही १९३० मध्ये आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत आत्मसंरक्षणार्थ शस्त्रपरवान्यांची मागणी घातली. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत आला.

असे असूनही तो संविधानात आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी त्यासाठी दुरुस्ती मांडली आणि कराचीची आठवण दिली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. असा हक्क एकदा मूलभूत ठरला की तो गुन्हेगाराला कसा नाकारणार, हा त्यांचा एक मुद्दा. आणि व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा राज्यावर संकट आल्यास शस्त्र धरण्याचे तिचे कर्तव्य महत्त्वाचे, हा दुसरा. दुरुस्ती फेटाळली गेली. आज अनुच्छेद १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख आहे तो नकारार्थी: शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. अपवाद शिखांच्या कृपाणाचा, आणि तोही अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात, धर्मस्वातंत्र्याचा भाग म्हणून.

अमेरिकेत याच्या उलट चित्र दिसेल असे वाटते. तेथे संघराज्याच्या संविधानात १७९१ पासून हा हक्क आहे आणि बहुतेक राज्यांच्या स्वतंत्र संविधानांतही तो आहे. पण इलिनॉय राज्याचे १९७० चे संविधान पाहावे. नागरिकाचा शस्त्राचा हक्क त्यात आहे. 'पोलीस अधिकाराच्या अधीन' हे शब्दही त्यात आहेत. त्या शब्दांच्या आधारे तेथे सामान्य नागरिकाला भरलेले पिस्तूल घेऊन रस्त्यावर हिंडण्यास २०१३ पर्यंत कायदेशीर वाट नव्हती. शेवटी संघीय न्यायालयाच्या निकालामुळे ती काढावी लागली. उलट व्हरमाँटमध्ये असा परवाना कधी लागलाच नाही. न्यूयॉर्कच्या राज्यसंविधानात हा हक्क नाही आणि तेथे परवान्यासाठी विशेष कारण द्यावे लागे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारणाची अट रद्द केली. म्हणजे संविधानातले वाक्य एक सांगते आणि रस्त्यावरचा नियम दुसरेच काही करतो.

आपल्याकडेही तसेच आहे, फक्त उलट दिशेने. संविधानाने जो हक्क नाकारला त्याची एक सावली १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आम्हाला सापडली. कलम १३ मध्ये दोन प्रकारची वाक्ये आहेत. पिस्तुलासारख्या शस्त्रासाठी 'सबळ कारण' आहे अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. पण खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, कलम १४ मधील अडथळे नसतील तर, परवाना द्यायचाच आहे. विद्यार्थ्यांना आज्ञार्थ आणि विध्यर्थ शिकवताना आम्ही सहसा कवितेतली उदाहरणे घेतो. येथे शेतकऱ्याचे पीक एका क्रियापदाच्या अर्थावर उभे आहे.

आम्ही कोलशेतला राहतो. एका बाजूला खाडी आणि कोळी-आगऱ्यांचे जुने गाव, दुसऱ्या बाजूला वायुदलाच्या केंद्राची लांबलचक भिंत, आणि रासायनिक कारखान्यांच्या जागेवर उभे राहिलेले मनोरे. येथे बंदूक मागायला आम्ही कोणते कारण लिहिणार? दादांची आठवण हे आमचे कारण. तिला बंदूक लागत नाही. खंडेनवमीला आमच्या घरी विळी आणि पुस्तके पुजली जातात, तेवढी शस्त्रे आम्हाला पुरतात. आणि सबळ कारणाची गाळणीही अचूक असते असे नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी आमच्याच पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, एका तत्कालीन आमदाराने गोळीबार केल्याचा गुन्हा नोंदला गेला.

पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश ठाण्यात वरचेवर निघतात. त्यांचा आधार १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७. त्यात तलवारी, भाले, बंदुका, सुरे, लाठ्या यांची यादी आहे. पुढे त्याच कलमात गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे, भाषणे, हावभाव, चित्रे आणि फलकही येतात. मूलभूत हक्क असलेला शब्द आणि हक्क नसलेली तलवार एकाच कलमात शेजारी बसली आहेत. साहित्य शिकवणाऱ्याने हे कलम एकदा तरी वाचावे.

अखेर अर्ज आम्ही केला नाही. गावी बाग सांभाळणाऱ्या धाकट्या भावाने केला. कारण त्याच्याकडे होते. त्या अर्जाला दोन पावसाळे झाले. डुकरे काही थांबली नाहीत. भाताचा एक कोपरा त्याने लावायचाच सोडला. उत्तर मात्र अजून नाही: होकार नाही, नकारही नाही.

तरीही कामतांची दुरुस्ती मंजूर व्हायला हवी होती असे आम्हाला वाटत नाही. बाबासाहेबांचा प्रश्न आजही निरुत्तर करणारा आहे. पण हक्क नाकारून परवाना ठेवणाऱ्या राज्यावर एक ऋण राहते. कलम १४ सांगते की परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावीत. नागरिकाला कारण विचारणाऱ्याने स्वतःचेही कारण द्यावे, असा त्याचा अर्थ. मौनाला कलम नसते, म्हणून त्याविरुद्ध अपील लिहिणेही अवघड. भावाने स्मरणपत्राचा मसुदा आमच्याकडे मागितला आहे. कलम १३ मधले ते क्रियापद आम्ही त्यात अधोरेखित केले आहे.